वाघाकडे बघितलंच नाही, मग नेऊन काय उपयोग?

ताई, तुम्ही जे लिहिलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडते, चुकलं तर सांगा. मुलगा पावणेचार वर्षांचा, ऑटिझमचं (स्वमग्नतेचं) निदान होऊन आठ महिने झालेत, शब्द दहा-बारा. मागच्या रविवारी बहिणीच्या फॅमिलीबरोबर कात्रजच्या प्राणीसंग्रहालयात गेलात. वाघ झाला, हत्ती झाला, साप झाले, ह्याने एकाकडेही बघितलं नाही. सगळा वेळ रस्त्याकडेच्या गटाराच्या जाळीपाशी बसत होता नाहीतर रेलिंगवरून बोट फिरवत चालत होता, हाक मारली तर मान वळवली नाही, आइस्क्रीम दिलं तेवढं खाल्लं. त्याच्या सात वर्षांच्या ताईचा मूड गेला. आणि परत येताना गाडीत मिस्टर म्हणाले, त्याला काही फरकच पडत नाही तर कशाला ओढत न्यायचं, पुढच्या वेळी आजीकडे ठेवू. तर प्रश्न असा की हे बरोबर आहे का, आणि नेलंच तर त्याला सगळ्यात सामील कसं करून घ्यायचं.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, पुण्यातच, १९ वर्षं लहान मुलांबरोबरच काम करतेय. उत्तर आधीच देऊन टाकते. न्या. पण वाघ दाखवायला नेऊ नका. आता हे जरा लांबण लावून सांगावं लागणार आहे, चहा घेऊन बसा.

पहिली गोष्ट, तुम्ही पुढच्या वेळी त्या वाघाच्या पिंजऱ्यासमोर उकिडव्या बसा. खरंच बसा, लोक बघतील, बघू देत. तीन फुटांवरून काय दिसतं? माणसांच्या मांड्या, कुणाची तरी पर्स, रेलिंगचे गज, त्यामागे खंदक, त्याच्यापलीकडे झाडी, आणि त्या झाडीत कुठेतरी मातीच्याच रंगाचा एक प्राणी दुपारचा झोपलेला. आपल्याला तो कसा दिसतो? शेजारचा कोणीतरी बोट करतो, "तो बघा, त्या झाडाखाली, कान हलला बघा," मग आपण त्या बोटाच्या रेषेत बघत जातो आणि सापडतो. आता हे बोटाच्या रेषेत बघणं, म्हणजे दुसरा काय बघतोय ते आपण बघणं, बहुतेक बाळं साधारण वर्षाच्या आसपास आपसूक शिकतात आणि ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये नेमकं हेच उशिरा येतं, काही जणांत खूप उशिरा. तुम्ही बोट दाखवलं की तो एकतर बोटाकडे बघणार नाहीतर कुठेच नाही. म्हणजे त्याने वाघाकडे दुर्लक्ष केलं असं तुम्हाला वाटतंय, पण त्याच्या दृष्टीने तिथे वाघ नव्हताच हो! नुसती गर्दी होती आणि सगळे मोठ्याने ओरडत होते.

आणि गटाराची जाळी? ती पायाशी आहे. जवळ आहे. तिच्यात सारखे चौकोन आहेत, खाली पाणी चमकतंय, वरून कोणी चाललं की खडखड वाजते, आणि मुख्य म्हणजे पुढे गेलं की परत तशीच दुसरी येते. अख्ख्या अनोळखी जागेत ही एकच वस्तू अशी होती की जिचा पुढचा भाग त्याला आधी माहीत होता. मला विचाराल तर पोराने बरीच शहाणी निवड केली.

ह्या एका गोष्टीत पूर्ण बुडून जाण्याला एक नावही आहे, मोनोट्रोपिझम म्हणतात. २००५ साली दीना मरे, वेन लॉसन आणि माइक लेसर ह्यांनी ते सविस्तर मांडलं, त्यातले पहिले दोघं स्वतः ऑटिस्टिक. त्यांचं म्हणणं साधारण असं की आपण बाकीचे लोक लक्ष थोडं थोडं वाटत असतो, म्हणजे कणीक मळता मळता कुकरच्या शिट्ट्या मोजतो, दारातल्या माणसाशी बोलतो आणि पोराने काय पाडलं तेही कळतं. ऑटिस्टिक माणसाचं लक्ष एका वेळी एका जागी जातं पण मग पूर्ण जातं, तिथून उचलून दुसरीकडे ठेवायला वेळ आणि ताकद लागते. म्हणून हाक ऐकू येत नाही असं वाटतं. कान ठीक असतात, पण तो जाळीत असतो ना. तुम्ही त्याला तिथून हाताला धरून वाघाकडे वळवलंत तर तो वाघाकडे येत नाही, तो फक्त जाळीतून बाहेर फेकला जातो आणि मधेच कुठेतरी लटकतो, आणि मग जे रडणं सुरू होतं त्याला आपण हट्ट म्हणतो.

एक मुलगा सांगते, आता तो मोठा झालाय. त्याची आई त्याला दर शनिवारी शिवाजीनगर स्टेशनवर घेऊन यायची, कारण घरी तो खेळण्यातल्या आगगाडीशिवाय कशाला हात लावायचा नाही, म्हटलं खरी दाखवू. तर हा तिथे येऊन गाडीकडे पाठ करून लोखंडी बाकड्यापाशी उभा राहायचा, दोन्ही तळवे बाकड्यावर, गाल बाकड्यावर, डोळे अर्धे मिटलेले. लोणावळा लोकल येऊन जायची, हा ढिम्म. चार-पाच शनिवार झाले, आई वैतागली, मला म्हणाली मॅडम तो गाडीकडे बघतच नाही, नुसता बाकड्याला चिकटतो. मी म्हटलं एकदा मी येते. गेले, त्याच्या शेजारी तशीच वाकले आणि बाकड्याला गाल लावला. काही नाही, थंड लोखंड. आणि मग अगदी बारीक, दाताला जाणवेल अशी थरथर सुरू झाली. अनाउन्समेंट अजून झाली नव्हती, गाडी दिसत नव्हती, आणि हा पायाच्या बोटांवर उभा राहायला लागला होता. मग थरथर वाढत गेली, मोठी झाली, गाडी आली, सगळा प्लॅटफॉर्म हलला आणि त्याच्या तोंडातून एक लांब "ऊऊ" असा आवाज निघाला. गाडी गेल्यावर तो थरथर पूर्ण थांबेपर्यंत तसाच होता, शेवटी तळवे उचलले. त्या स्टेशनावर त्याच्याइतकी पूर्ण गाडी कुणीच अनुभवत नव्हतं. पुढच्या शनिवारी आईपण वाकली, तिसऱ्या गाडीला त्याने तिचा हात घेऊन बाकड्यावर ठेवला. पहिल्यांदा काहीतरी शेअर केलं त्याने. ते आम्ही दोन वर्षं टेबलखुर्चीवर बसून शिकवायचा प्रयत्न करत होतो.

आणि माझीही चूक सांगते, म्हणजे मी फार हुशारीने बोलतेय असं वाटायला नको. सुरुवातीच्या वर्षांत आम्ही मुलांना ग्रुपने मॉलमध्ये न्यायचो आणि रिपोर्टमध्ये मी लिहायचे, लक्ष कमी, सहभाग नाही. एका मुलीबद्दल तर मी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, कारण ती पाऊण तास सरकत्या जिन्याच्या खालच्या टोकाला उभी होती आणि जिथे पायऱ्या जमिनीत जातात तिथेच बघत होती. दुकानं नाही, खेळणी नाही, काही नाही. आठवड्याने आईने व्हिडिओ पाठवला, पोरीने घरातले सगळे स्टीलचे चमचे रांगेत लावलेत आणि एकेक करून सतरंजीच्या काठाखाली सरकवतेय, आणि दुसरीकडून काढून परत मागे लावतेय. अख्खा सरकता जिना! तेव्हापासून मी बाहेर नेलेल्या दिवसाचा निकाल त्या दिवशी लावणं बंद केलं. तुम्हीपण पुढचे आठ-दहा दिवस बघा, घरात कुठे रेघा, चौकोन, खडखड असं काही नवीन सुरू झालंय का. चाळणीतून बघणं, खिडकीच्या जाळीवरून चमचा ओढणं, असलं काहीही.

बघण्याचंही तसंच. डोळ्यात डोळे घालून बघतोय म्हणजे लक्ष आहे हे आपलं गणित. खूपशा ऑटिस्टिक मोठ्या माणसांनी सांगितलंय की समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं की ऐकायचं, दोन्ही एकदम जमत नाही. काही मुलं डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतात, ते आपल्याला दिसतच नाही. हनुवटी धरून तोंड वळवणं, "इकडे बघ, माझ्याकडे बघ," हे प्लीज बंद करा. मी स्वतः कितीतरी वेळा केलंय, त्यातून मूल फक्त एवढंच शिकतं की हा हात आला की त्रास होतो.

मधेच एक आठवलं म्हणून सांगते. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर ह्या डॉक्टरने ११ मुलांवरचा तो प्रसिद्ध लेख लिहिला, ज्याच्यापासून ऑटिझम हे निदान सुरू झालं म्हणतात. त्यातला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट. त्याच्या वडिलांनी डॉक्टरला ३३ पानी टाइप केलेलं पत्र पाठवलं होतं, त्यात काय आहे माहितीये, की तो आईवडील आले-गेले तरी लक्ष देत नाही, आणि पूर्ण वेशातला सांताक्लॉज समोर आणला तरी त्याला त्याचं काही नाही. म्हणजे तुमचा कात्रजचाच वाघ. तर हा डोनाल्ड पुढे बँकेत नोकरीला लागला, गोल्फ खेळायचा, आणि एकटा विमानात बसून छत्तीस देश फिरून आला. २०२३ मध्ये गेला, वय ८९. प्रत्येक मुलाचं असं होतं असं मी अजिबात म्हणत नाहीये, तसं म्हणणारे लोक मला आवडतही नाहीत. पण लहान पोर सांताक्लॉजकडे बघत नाही ह्यावरून त्याला जगात फिरायची आवड आहे की नाही हे ठरवता येत नाही एवढं नक्की.

आता उलट बाजू, कारण प्रत्येक वेळी "तो त्याच्या जगात रमलाय" म्हणून सोडूनही चालत नाही. तीन गोष्टी आधी तपासून घ्या. एक, कान. निदानाच्या वेळी श्रवण चाचणी, बेरा वगैरे झाली असेल तर फाइल काढून बघा, नसेल झाली तर करा, आणि सारखी सर्दी होणारं मूल असेल तर कानात मागे पाणी साचून ऐकू कमी येऊ शकतं, ते परत तपासावं लागतं. दोन, फिट. ऑटिझम असलेल्या मुलांत एपिलेप्सीचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं, आणि काही फिट्समध्ये पडणं, झटके काही नसतात, नुसतं मधेच थांबणं आणि शून्यात बघणं असतं. फरक ओळखायला सोपी खूण अशी की रमलेल्या मुलाला खांद्याला हात लावला किंवा त्याच्या आवडीच्या बिस्किटाचा पुडा खुडखुडवला तर काहीतरी हालचाल होते, चिडेल, खांदा झटकेल. फिटमध्ये करत असलेली गोष्ट मधेच तुटते, हात लावूनही काही होत नाही, कधी पापण्या फडफडतात, आणि काही सेकंदांनी जिथे सोडलं तिथून परत सुरू. असं दिसलं तर मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि लहान मुलांच्या न्यूरॉलॉजिस्टला दाखवा, व्हिडिओ असला की डॉक्टरांचं काम निम्मं होतं.

तिसरी गोष्ट बंद पडणं. आरडाओरडा करणारं मूल सगळ्यांना दिसतं, पण काही मुलं खूप झालं की ओरडत नाहीत, विझतात. चेहरा उतरतो, अंग सैल पडतं नाहीतर एकदम ताठ होतं, कोपरा शोधतात, कडेवर घेतलं की खांद्यावर डोकं टाकतात, भर दुपारी गोंगाटात झोपतात. आणि लोक म्हणतात किती शहाणा आहे, अज्जिबात त्रास देत नाही. लग्नात तर हमखास. जाळीपाशी बसलेला तुमचा मुलगा बोटं फिरवत होता, चालत होता, आइस्क्रीम खाल्लं, म्हणजे तो मला रमलेला वाटतोय. पण शेवटच्या तासात कसा होता ते तुम्ही लिहिलं नाहीये, ते आठवून बघा.

आता बाहेर जायचं कसं. माझा पहिला नियम, एकच जागा परत परत. आपल्याला नवीन ठिकाण म्हणजे मजा वाटते, ह्या मुलांना तिसऱ्या-चौथ्या वेळेपासून मजा सुरू होते, कारण पहिले दोन वेळा तर जागा समजून घेण्यातच जातात. पेशवे पार्क घ्या नाहीतर तळजाई, पाषाण तलाव, तुम्हाला जे जवळ असेल ते, सलग चार-सहा रविवार तिथेच. सकाळी उघडल्या उघडल्या, गर्दी व्हायच्या आत. आणि वीस मिनिटांत परत. हो, वीस मिनिटं. मिस्टर म्हणतील पेट्रोल जाळून वीस मिनिटांसाठी जायचं का, पण हिशोब असा आहे की तो चांगला असतानाच निघायचं, रडायला लागल्यावर नाही. शेवट चांगला झाला की पुढच्या वेळी गेटपाशी अंग ताठ होत नाही. रडून निघालं की दर वेळी त्या गेटची आठवण तीच राहते, आणि शिवाय रडलं की घरी जायला मिळतं हे वेगळंच शिकतो.

आदल्या दिवशी मोबाइलमधले फोटो दाखवा, पण वाघाचे नाही, आपली गाडी, पार्किंग, तिकीटखिडकी, गेट, ती जाळी, परत गाडी, आपलं घर. ह्या क्रमाने. शेवटचा घराचा फोटो विसरू नका, तोच सगळ्यात महत्त्वाचा, बऱ्याच मुलांना भीती जागेची नसते, हे कधी संपणार ते कळत नाही ह्याची असते. "आधी झोका, मग गाडी" अशी दोन चित्रं एका कार्डावर चिकटवून खिशात ठेवली तरी पुष्कळ काम होतं.

तिथे गेल्यावर तुम्ही कमी बोला. हे आईबापांना सगळ्यात अवघड जातं. "हा कोण? बोल ना हत्ती! कुठला कलर? किती पाय?" ही परीक्षा झाली, फिरायला जाणं नाही झालं. त्याच्या शेजारी बसा, तो बघतोय तिथे बघा, आणि एखादाच शब्द टाका. "पाणी." "खडखड." मग थांबा, मनात दहापर्यंत मोजा, खरोखर मोजा, आपल्याला चार सेकंदसुद्धा फार वाटतात. जाळीवर एक छोटा खडा टाका, आवाज होतो का बघा, आणि दुसरा खडा हातात धरून नुसतं थांबा. तो तुमच्या हाताकडे बघेल, कदाचित तुमचा हात ओढेल. तेच. तेवढंच पाहिजे आपल्याला. वाघ सांगून जे होणार नव्हतं ते खड्याने होतं. आणि थेरपिस्टने दिलेले गोल्स त्या दिवशी घरी ठेवून जा, मी माझ्या पेशंट्सनाही हेच सांगते, रविवारी आई हवी, दुसरी मॅडम नको.

आवाजाचं बघा. मिक्सर लावला की कान धरणारं मूल असेल तर कानावरून घालायचे आवाज कमी करणारे हेडफोन पिशवीत असू द्या, पण आधी घरी सवय करा, बाहेर पहिल्यांदा घातले तर फेकून देतात. मॉलच्या टॉयलेटमधले हात वाळवायचे मशीन हा एक वेगळा शत्रू आहे, तिथून पळत बाहेर आलेली मुलं मी किती बघितलीत! गणपतीत ढोलताशाच्या जवळ नेऊ नका, लांबून, गॅलरीतून. उलट काही मुलांना ढोल छातीत वाजतो ते आवडतं, आपलं मूल कुठलं ते आपल्यालाच माहीत.

खाण्याचं फार मनावर घेऊ नका. वरणभातच खातो तर डबा न्या, हॉटेलात डबा काढायला लाज कसली. हॉटेलात जायचं तर फोनवर ऑर्डर आधी देऊन जा, पंचवीस मिनिटं नुसतं बसणं त्याच्या वयाच्या कुठल्याच मुलाला जमत नाही. तेवढ्या वेळात मोबाइल दिला तरी माझी हरकत नाही, बागेत मात्र नको. आणि तहान, भूक, शी-सू ह्याची जाणीव ह्या मुलांना उशिरा होते किंवा सांगता येत नाही, म्हणून तो मागत नाही म्हणजे नको असं धरू नका, दर अर्ध्या तासाने पाणी पुढे करा.

नातेवाईक. बहिणीच्या फॅमिलीबरोबर गेलात म्हणजे माझ्या अंदाजाने आठ-नऊ जण होतात. नऊ जणांनी एकेकदा हाक मारली तरी नऊ हाका, त्यात "मावशीला पापा दे", "काकांना टाटा कर", "फोटोत हास". पुढच्या दोन-तीन महिन्यांपुरतं फक्त तुम्ही चौघं जा. आणि "अगं, आमचा बंड्यापण पाच वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता" हे ऐकवणाऱ्यांसाठी एक वाक्य पाठ करून ठेवा, मी सुचवते, "हो का, ह्याचं वेगळं आहे, त्याला हाक न मारता नुसतं शेजारी बसलात तर त्याला आवडतं." लोकांना काय करू नका सांगितलं की राग येतो, काय करा सांगितलं की बहुतेक जण करतात. तुमच्या बहिणीला तर नक्की सांगा, तिला बिचारीला तुम्ही काही सांगितलंच नसेल.

आता मोठी ताई. तिच्या रविवारचं काय? तिला वाघ बघायचा होता आणि तो हक्काचा आहे तिचा. वीस मिनिटं झाली की एकाने मुलाला घेऊन गाडीत किंवा बाहेर बसायचं आणि दुसऱ्याने तिला घेऊन निवांत अख्खं फिरायचं, पुढच्या वेळी अदलाबदल. महिन्यातून एकदा तिला एकटीला बाहेर न्या, आणि तिथे भावाचा विषय काढू नका. आणि तिला "तू मोठी ना, समजून घे" हे वाक्य दिवसातून किती वेळा ऐकावं लागतं ते एकदा मोजा, मला आईबाप सांगतात दोन-तीनदा आणि पोरं सांगतात शंभरदा.

मिस्टरांच्या बोलण्याचा राग धरू नका. मी जेवढे बाबा बघितलेत त्यात "त्याला काही फरक पडत नाही" ह्याचा अर्थ बहुतेक वेळा "मी एवढं केलं, त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही" असा निघाला. त्यांना जाळीपाशी बसवा. खड्याचं काम त्यांना द्या, तुम्ही लांब राहा. बऱ्याच बाबांना असं नेमकं काम दिलं की जमतं, "त्याच्याशी खेळा" म्हटलं की काय करावं सुचत नाही.

आजीकडे ठेवायला माझा विरोध नाही हं. लग्न, बारा तासांचा प्रवास, देवदर्शनाची चार तासांची रांग, अशा वेळी आजीकडे त्याचं भलं आणि तुमचंही. पण दर वेळी ठेवलं तर बाहेरची प्रत्येक जागा त्याच्यासाठी कायम पहिल्यांदाचीच राहील, आणि मग आठ वर्षांचा झाला की दवाखान्यात किंवा शाळेच्या बसमध्ये नेणंसुद्धा लढाई होते. अशा घरांतली मुलं माझ्याकडे येतात, दहा वर्षांच्या मुलाला जिन्यावरून खाली उतरवायला आम्हाला तीन महिने लागलेत.

एक मात्र अगदी कडक सांगते, सेफ्टी. ही मुलं हात सुटला की निघून जातात, मागे वळून आई कुठे आहे बघत नाहीत, आणि पाण्याकडे फार ओढली जातात. तलाव, कारंजं, रिसॉर्टचा स्विमिंग पूल, शेतातली विहीर, कुठेही गेलात की आधी पाणी कुठे आहे ते बघा, आणि "आता कोणाचं लक्ष आहे" हे एका माणसाचं नाव घेऊन ठरवा, दहा जणांचं लक्ष म्हणजे कोणाचंच नाही. शर्टाच्या आतल्या बाजूला किंवा बुटात तुमचा फोन नंबर लिहा, वर दोन शब्द, "बोलत नाही, ऑटिझम." निघताना रोज एक फोटो काढा, आज कुठले कपडे आहेत ते दिसेल असा. आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारचं दिव्यांग ओळखपत्र, काढलं नसेल तर अर्ज करून टाका, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. कार्ड दाखवलं की सगळीकडे सोय मिळेलच असं नाही, पण रांगेत समजावत बसायचं वाचतं.

तर सध्या एवढंच करा, पुढचे चार रविवार एकच जागा, वीस मिनिटं, चौघंच, आणि वहीत "कसा वागला" लिहायचं नाही, "कुठे थांबला आणि किती वेळ" एवढंच लिहायचं. महिन्याने ती वही तुमच्या थेरपिस्टना दाखवा, त्यांना त्यातून पुढचं काम सुचेल. जाळीचा एक फोटो पण काढा, घरी त्याला दाखवायला. आणि कात्रजलाच जायचं ठरलं तर बुधवार सोडून, त्या दिवशी बंद असतं.